आईच्या खोलीतला ओझोन

माझा मोठा भाऊ फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. कामात त्याचा हात धरणारा कुणी नाही, पण एकदा डोक्यात काही घेतलं की ब्रह्मदेवाच्या बापाचं ऐकायचा नाही. गिऱ्हाइकं त्याला 'गॅसवाले' म्हणतात. आमचा तो दादा.

जुना फ्रिज उघडला की आतला गॅस काढून टाकणं हे पहिलं काम. काढून टाकणं म्हणजे काय, तर नळी कापायची आणि फुस्स होऊ द्यायचं. सगळेच तसं करायचे. दादाच्या उस्तादाने त्याला सांगून ठेवलं होतं की हा गॅस गरीब आहे. पेटत नाही, नाकाला कळत नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. उमेदीची सगळी वर्षं दादा गावभरचे फ्रिज असे हवेत मोकळे करत हिंडला.

मग परवाना हवा असेल तर प्रशिक्षण घ्या, असा नियम आला. दादा कुरकुरत गेला आणि गप्प होऊन परतला. वहिनीने खनपटीलाच बसून विचारलं तेव्हा कुठे तोंड उघडलं. तो गॅस खाली कुणाच्या वाटेला जात नाही, म्हणूनच टिकतो आणि वर्षानुवर्षं हवेत मिसळत पार वर पोचतो. तिथलं कडक ऊन त्याला फोडतं, त्यातून क्लोरीन सुटतं आणि ते ओझोनचा फडशा पाडत बसतं. तेच कडक ऊन अंगावर येऊ नये म्हणून वर ओझोन असतो.

"त्याला भोक मी पाडलंय," दादा म्हणाला.

"तू एकट्याने? मोठा आलास," मी म्हटलं. तो हसला नाही.

त्यानंतर तो जुना गॅस सिलिंडरमध्ये भरून घ्यायला लागला, बाकीच्या कारागिरांवर डाफरायला लागला. त्यांनी त्याची भरपूर टर उडवली. त्याचं त्याला काही नव्हतं. जे वर गेलं ते आता खाली आणता येत नाही, हे मात्र त्याच्या जिवाला लागलं होतं. जेवणात लक्ष नाही, कुणाशी धड बोलणं नाही.

अशात एका हॉटेलात एसी बघायला गेला असताना त्याला अडगळीत एक बंद पडलेलं यंत्र दिसलं. सिगारेटचा वास मारायला ते खोलीत लावायचे. त्यावर लिहिलं होतं, ओझोन. हॉटेलवाल्याने देताना बजावलं होतं, खोलीत कुणी नसताना लावा. दादाने अर्थ लावला की पाहुण्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून. शहाणपण कुठे चालवावं आणि कुठे नाही, हे या माणसाला कधी कळलं नाही.

यंत्र दुरुस्त करून त्याने माझ्या घरी, आईच्या खोलीत ठेवलं. आईला जुना दमा. "वर पोचवता येत नाही, निदान आईला तरी मिळू दे," तो म्हणाला. एरवी सणावारीच फिरकणारा दादा आता रोज संध्याकाळी यायचा, यंत्र पुसायचा, आईशी इकडचं तिकडचं बोलत बसायचा, मग बटण दाबून खिडकी घट्ट लावून जायचा. खोलीत झेरॉक्सच्या दुकानासारखा वास भरायचा. मी विचारलं तर म्हणे, स्वच्छ हवेचा वास आहे.

आईचा खोकला वाढला. "कसं वाटतंय?" विचारलं की म्हणायची, बरं वाटतंय. दादा यंत्राचा टायमर वाढवून जाऊ लागला.

एका सकाळी तिला शब्द बोलवेना. ओठ निळे पडले होते. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात धूर, रंग, फवारणी काही?

"छे. उलट मी तिला ओझोन देतोय," दादा म्हणाला, तेही अभिमानाने.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग सांगितलं. श्वासातल्या ऑक्सिजनमध्ये दोन अणू असतात, ओझोनमध्ये तीन. तो तिसरा धड टिकत नाही, मिळेल त्याला जाऊन लागतो. वासाला लागतो, तसा फुप्फुसालाही लागतो. वर श्वास घ्यायला कुणी नाही म्हणून तिथे तो चांगला. खाली गाड्यांच्या धुरावर ऊन पडून आधीच नको इतका तयार होतो, त्यात तुम्ही घरात बनवलात.

बाहेरच्या बाकावर दादा म्हणाला, "वरचा घालवला आणि खालचा हिला पाजला." मला त्याचा इतका संताप आला होता की मी उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. आई जगते की नाही, एवढंच डोक्यात होतं.

आई वाचली. छाती पहिल्यासारखी होणार नाही, जिना कायमचा बंद, असं सांगून तिला घरी सोडलं. दादाने यंत्राचे तुकडे केले, खिडकी उघडली आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"छातीत जळत होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर यंत्र उचलून नेलं असतंस," आई म्हणाली. मध्ये थांबून तिने दम घेतला. "मग रोज कशाला आला असतास?"

दादा वर बघून म्हणाला, पंखा आवाज करतोय वाटतं, बघतो जरा.

"पंखा ठीक आहे," आई म्हणाली. "बस."