तिखटकाकूंचा डबा

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी गेलं की दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या मजल्यावरून टोमॅटोभाताचा वास जिना उतरून यायचा. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी वरणभात नाहीतर मुगाची खिचडी, असं मऊ आणि फिकं काहीतरी न्यायचं, ही आपली रीत. तिखटकाकू मात्र घाम फोडणारा लालभडक टोमॅटोभात घेऊन दारात उभ्या राहायच्या.

त्या मूळच्या सोलापूरकडच्या. नवरा लवकर गेला, मग त्या आणि त्यांचा अमोल, एवढंच घर. टोमॅटो घ्यायच्या ते जवळच्या पापडी गावातून येणाऱ्या वाडीवाल्या बायकांकडूनच, तेही दाबले की फुटतील असे. स्टेशनवरचा भाजीवाला कडक टोमॅटो दाखवायला लागला की म्हणायच्या, "हे चेंडू पोरांना दे खेळायला." लसणीवर टोमॅटो पडले की ते पार विरघळून तेल सुटेपर्यंत त्या शेगडीपासून हलायच्या नाहीत. मग माहेरचं काळं तिखट, चमच्याने नव्हे, मुठीने. मी एकदा म्हटलं, "काकू, बास आता." त्या म्हणाल्या, "पाहुण्यांसाठी करशील तेव्हा बास कर. हे जेवण वेगळं आहे."

खालच्या आजोबांना हे अजिबात खपायचं नाही. सुतकात फोडणीचं खायचं नसतं, असं त्यांनी एकदा तोंडावरच सुनावलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "फोडणी माझ्या घरात दिलीय, आजोबा. सुतक त्यांच्या घरात आहे."

हा खटाटोप कशासाठी, ते मला आमचे बाबा गेले तेव्हा कळलं. माझा धाकटा भाऊ दोन दिवस नुसता धावत होता. अॅम्ब्युलन्स, दाखला, नातेवाइकांना फोन. डोळ्यांत टिपूस नाही. काकूंनी त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसून राहिल्या. तिसऱ्या घासाला त्याचे डोळे भरले, नाक वाहायला लागलं. "फार तिखट आहे, काकू," तो म्हणाला आणि मग ताटावर वाकून हमसून हमसून रडला. काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "व्हय रे, हातच सैल आहे माझा." नंतर जिन्यात मला म्हणाल्या, "पुरुषमाणसाला नुसतं रडता येत नाही गं. मिरचीचं नाव घेऊन येतंय."

गेल्या पावसाळ्यात अमोल ऑफिसच्या मित्रांबरोबर चिंचोटीच्या धबधब्यावर गेला. घसरला आणि डोहात पडला. दुसऱ्या दिवशी सापडला.

काकू रडल्या नाहीत. त्याला घरी आणला तेव्हा नाही, नेला तेव्हाही नाही. आलेल्या माणसांना त्या पाणी विचारत होत्या, पंखा लावत होत्या. मला त्यांची भीती वाटायला लागली. सगळ्यांनी आणलेली खिचडी ओट्यावर तशीच गार होत होती.

मी पापडीच्या बाईकडून टोमॅटो आणले. काकूंनीच दिलेलं काळं तिखट घरात होतं, ते दोन मुठी घातलं. ठसक्याने आमचं घर खोकत होतं. ताट घेऊन वर गेले, त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्या बसायच्या तशी समोर बसले.

त्यांनी भाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. त्या जेवल्या, सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. डोळे कोरडेच.

"चांगला झालाय गं," त्या म्हणाल्या. "जरा तिखट कमी पडलं."

घरी येऊन मी पातेल्यातला एक घास तोंडात घातला. दुसरा घेता आला नाही.

पुढे त्यांची बहीण त्यांना सोलापूरला घेऊन गेली. वरच्या घराला कुलूप आहे. बिल्डिंगमध्ये कुणी गेलं तर आता डबा मी नेते, आणि माणसं रडतात. सोलापूरला अधूनमधून फोन करते. बहीण फोन घेऊन बाहेर येते, कारण मी काय विचारणार ते तिला माहीत असतं.

"नाही गं," ती म्हणते. "अजून नाही."