देवदर्शनाची बोट आणि पोरीची गोळी

बायांनो, आज लोहा गावातल्या आमच्या घरी आमचे लोक समुद्रसहलीची बोट ठरवून राहिले होते. एक बोट नुसती बेटं दाखविते. दुसरी वाटेत थांबून देवदर्शनही घडविते. लेकाला दुसरीच पाहिजे.

सून हळूच म्हणाली, "दर्शनाच्या दिवशी पोरीची पाळी येईल. पुढं ढकलायची गोळी देऊ."

पंधरा वर्षांची नात मान खाली घालून बसली. मागं एका लग्नात तीच गोळी खाऊन दिवसभर ओकली होती.

मी म्हणलं, "अगं, बोट दुसरी घेता येते. पोरीला दुसरं अंग कुठून आणशील? देव काय पळून चाललाय?"

नात म्हणाली, "आजी, मला बेटंच बघायचीत."

बोट अजून ठरली न्हाई, गोळी मात्र रद्द झाली. तुमच्याकडं सहल ठरवताना पोरीला कोणी विचारतं का?