वाकळीचं पोट

सुईत दोरा लेकरांनीच ओवायचा. कापड हाती आलं की आधी गालावर घासायचं. कात्री नको, दातांनी चीर पाडायची आणि टर्रकन फाडायचं. टाका घातला की अंगठ्याने चाचपायचा. लेकरू जवळ आलं की डोक्यावरून हात फिरवायचा, मगच नाव घ्यायचं.

सरजाबाईंच्या या लकबी लुंबिनीने वहीत हौसेने टिपल्या होत्या. मराठीत बी.ए. झालेली लुंबिनी किनवटजवळच्या एका वसतिगृहात कामाला होती. दर रविवारी सरजाबाई तिथे लेकरांना वाकळ शिवायला शिकवत. प्रत्येकाने घरून एक तुकडा आणलेला. कुणी आईच्या लुगड्याचा, कुणी बापाच्या धोतराचा. कडेकडेने टाके घालत आत यायचं. शेवटी मधोमध वीतभर जागा उरते, ते वाकळीचं पोट. तिथे ज्वारीचे चार दाणे ठेवून वरून ठिगळ लावायचं, म्हणजे वाकळ उपाशी राहत नाही.

त्या संध्याकाळी पोट तेवढं राहिलं होतं. आभाळ भरून आलं आणि लाइट गेली. खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. लेकरांचे हात थांबले.

“का रं, थांबलाव कामून? भाकरी आठवली व्हय?”

“आज्जी, लाइट गेली की!” आदर्श हसला.

“हो? कवा?”

लुंबिनीने मोबाइलचा उजेड पाडला. सरजाबाईंची सुई चालूच होती. टाके सरळ. उजेड थेट त्यांच्या डोळ्यांवर पडला. पापणी हलली नाही.

लेकरं जेवायला गेल्यावर लुंबिनीच्या तोंडून कसंबसं निघालं, “मावशी, दिसत नाही तुम्हाला?”

“दोन वर्सं झाली. सांगितलं असतं तर आंधळीच्या हाती सुया अन् लेकरं दिली असती का तुमच्या साहेबानं? एवढं पोट भरू दे माय. पुढल्या रविवारी. मग सांग कुणालाबी.”

लुंबिनी हो म्हणाली. पण रात्रभर तिला लेकरांचे डोळे आणि सुयाच दिसत राहिल्या. सकाळी तिने अधीक्षकांना सांगून टाकलं. त्यांनी जळकोटला सरजाबाईंच्या पुतण्याला, भुजंगला, फोन लावला. दुसऱ्या दिवशी तो सरजाबाईंना आपल्याकडे घेऊन गेला.

लुंबिनीने वही उघडली. पाच ओळी. तिच्याच अक्षरातल्या. प्रत्येक ओळ तेच सांगत होती.

वाकळ खोलीत तशीच पसरलेली आहे. मधे वीतभर उघडी. आदर्शने ओवलेला दोरा सुईत आहे. शेजारी फडक्यात ज्वारीचे चार दाणे बांधलेले.