मी बदललेली चिठ्ठी

मस्तगड भागातील माझ्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत एक रीत होती. नव्याने येणाऱ्याने आपल्याला हवे असलेले पद चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या कोपऱ्यावर चिकटवायचे आणि पुढे सर्वांनी त्याला त्याच पदाने हाक मारायची. "तहसीलदार, पंखा लावा." "फौजदार, चहा आला." ही रीत माझीच. माणूस स्वतःला जो समजतो, त्याच्याच बळावर तो टिकून राहतो, असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असे.

जाफराबादहून आलेल्या एका मुलीच्या चिठ्ठीवर 'उपजिल्हाधिकारी' होते. वय सत्तावीस; वडिलांचे शिलाईचे दुकान. तिसऱ्यांदा ती पूर्व परीक्षेत थोडक्यात राहिली, तेव्हा मला तिची कणव आली; निदान मी त्या भावनेला तेच नाव दिले. तलाठी भरतीची चर्चा सुरू होती. एका सकाळी, ती येण्यापूर्वी, मी तिची चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि माझ्या अक्षरात 'तलाठी' लिहून नवी चिकटवली. ते पद हलके नव्हते. ते तिने निवडलेले नव्हते, इतकेच.

ती आली आणि टेबलाकडे पाहत उभी राहिली. शेजारचा म्हणाला, "काय तलाठीबाई, सातबारा कधी देता?" सगळे हसले. मीही हसलो. दिवसभरात तिने एकही पान उलटले नाही. संध्याकाळी पुस्तके पिशवीत भरून ती गेली, ती परतलीच नाही.

नापास झाल्यामुळे ती खचली होती, अशी मी दीड महिना स्वतःची समजूत घातली. परंतु तीनही निकालांच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी टेबलावर हजर होती, हे मी स्वतः पाहिले होते. तिला उठवले ते माझ्या अक्षराने. राज्यसेवेच्या अर्जाची मुदत संपत आली, तेव्हा मला राहवेना. तिने अर्ज भरला नसेल, तर तिचे एक वर्ष मी बुडवले होते. मी एसटीने जाफराबाद गाठले.

"या सर," मशीन न थांबवता तिचे वडील म्हणाले. "आमच्या डिप्टी कलेक्टरला तलाठी करून टाकलं म्हणे तुम्ही! बढती ऐकली व्हती, ही उलटी बढती पहिल्यांदाच पाह्यली."

दुकानातले गिऱ्हाईक हसले. मी मान खाली घातली. तेवढ्यात ती आतून आली.

"अर्ज भरलास का?" मी विचारले.

"परवाच भरला, सर."

"मग अभ्यासिकेत..."

"न्हाई सर, तिथं न्हाई येणार. नापास झाले की रडू येतं, मंग बराबर परत बसता येतं. पण त्या दिवशी कळंचना, बसायचं तर कोण म्हणून बसायचं."

"माझं चुकलं."

"चुकलंच, सर," ती शांतपणे म्हणाली. "आता दुसऱ्या कुणाचं बदलू नका."

क्षमेच्या अपेक्षेने मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. ती मिळाली नाही, चहा मिळाला. मी निघताना तिने मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा तेवढा मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी तो पाठवला. सोबत उत्तेजनाच्या दोन ओळी लिहाव्यात, असे वाटले होते. लिहिल्या नाहीत.