कादंबरीतली पेटीवाली

आमच्या शेजारच्या भाऊजींइतकं मोठ्यानं वाचणारा माणूस अख्ख्या भोपाळात झाला नाही, आणि व्हायलाही नको! मनातल्या मनात वाचणं त्यांना ठाऊकच नव्हतं. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, शेंगदाण्याच्या पुडीचा कागद, कचेरीची नोटीस, सगळं खणखणीत. राज्यांची नवी मांडणी झाली, नागपूरची कचेरी उठून इकडे आली आणि आम्ही टी. टी. नगरच्या एकसारख्या क्वार्टरांत येऊन पडलो. इथे आपलं म्हणायला होतं कोण? दूधवाल्याशी हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी. संध्याकाळी भाऊजींच्या ओट्यावर मराठी कानावर पडे, म्हणून आम्ही बायका गहू निवडायला तिथंच जाऊन बसायचो. खलनायक आला की ते मफलर गळ्याला आवळत, नायिका आली की डोक्यावरून घेत, आणि रडायचा प्रसंग यायच्या आधीच डोळे पुसायला लागत. आमचे हे म्हणायचे, "यांना नाटक कंपनीनं सोडलं कसं?"

माणूस सडाफटिंग. नागपूरला ते आणि त्यांचे एक मित्र वर्षानुवर्षं एका खोलीत राहिले. एकानं वरण करायचं, दुसऱ्यानं पोळ्या. नोकरदारांची वाटणी झाली तेव्हा मित्र मुंबईला गेले, हे भोपाळला. तेव्हापासून भाऊजींना मुंबईची बदली हवी होती. साहेबांपुढे जाऊन उभे राहायचे आणि हात हलवत परत यायचे.

तेव्हा एक कादंबरी फार गाजत होती. नागपूरहून कुणीतरी ती आणली. गाणारा एक प्रसिद्ध नट, सगळा मुलूख त्याच्यावर लुब्ध, आणि त्याचं गुपचूप प्रेम कंपनीतल्या पेटीवालीवर.

"अगंबाई, पुरुषांच्या कंपनीत बाई पेटी वाजवते?" मी विचारलं. "आणि लग्नाशिवाय एका बिऱ्हाडात?"

"कादंबरी आहे वहिनी, कादंबरीत चालतं," म्हणत भाऊजींनी घाईनं पान उलटलं. पुढे ऐन रंगात येऊन वाचलं, "प्रयोगाची वेळ झाली, तशी तिनं भराभर दाढी केली." आम्ही सुपं खाली ठेवून हसलो. भाऊजी लालबुंद. "मुद्रणदोष! वेणी घातली, वेणी!"

शेवटचं प्रकरण राहिलं आणि ते तापानं आडवे झाले. मी पेज घेऊन गेले, तर म्हणाले, "वहिनी, तेवढं वाचून दाखवता?" मी पुस्तक उघडलं आणि मागची पानं भराभर चाळली. पेटीवाली कुठे नव्हतीच. पेटीवाला होता, पहिल्या पानापासून. भाऊजी इतके दिवस वाचता वाचता 'तो'ची 'ती' करत आले होते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "छापलंय तसंच वाचा."

मी तसंच वाचलं. पेटीवाला दुसऱ्या कंपनीत निघून गेलेला, आणि हा नट हारांच्या ढिगात बसून म्हणतो, तो गेला म्हणून रडायचीही मला सोय नाही. भाऊजी मात्र हुंदके देऊन रडले.

"साहेब विचारतात, मुंबईत तुमचं कोण?" ते म्हणाले. "काय सांगू? मित्रासाठी कुणी बदली देतं का?"

मी पुस्तक मिटलं. मी म्हटलं, "सांगा, घरचं माणूस आहे." बायको नाही, भाऊ नाही, तो नाही, ती नाही. आपल्या भाषेत माणूस 'ते'सुद्धा होतं, केवढी सोय! भाऊजी उठून बसले. "घरचं माणूस," त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं.

ताप उतरल्यावर इस्त्रीचा कोट घालून गेले. साहेब कानपूरकडचे. संध्याकाळी मी ओट्यावर वाट बघत होते.

"सांगितलंत?"

"सुरुवात केली. 'मुंबई में मेरे घर...' म्हणालो आणि अडलो. 'घर का रहता है' म्हणू की 'घर की रहती है'?" भाऊजी कोटाची बटणं काढत राहिले. "हिंदीत 'ते' नाहीच हो, वहिनी."

मी म्हटलं, आज आमच्याकडेच जेवा. भाऊजी पुढे भोपाळलाच रिटायर झाले. मुंबईचं ते माणूस इकडे काही कधी आलं नाही.