चाळीसचा काटा

आमच्या कारखान्यातल्या राऊतकाकांना ओव्हरटेक करणं ही बोईसरकरांची फुकटची करमणूक होती. ट्रक आणि रिक्षा पुढे जायच्या, त्याचं काही नाही. पण एकदा शाळेतली एक मुलगी सायकलवरून त्यांच्या मोटारसायकलच्या पुढे गेली आणि जाताना "येते हं काका" म्हणाली. काकांनीही मान डोलावून तिला निरोप दिला. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, कारण मी त्यांच्या मागे हॉर्न वाजवत होते.

काका बॉयलरवर होते. वाफेच्या दाबाचा काटा बघण्यात त्यांचा जन्म गेलेला. काटा लाल रेघेकडे सरकला की आग कमी करायची, हे त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं. "काटा वर, मानूस खाली," असं ते म्हणायचे. त्यामुळे गाडीच्या वेगाचा काटा तिसाला टेकला की त्यांची ॲक्सिलरेटरवरची मूठ आपोआप सैल व्हायची. मी लॅबमधली केमिस्ट, आणि माझी गाडी धडधडणारी, मोठी. मला म्हणायचे, "बाय, तू गेटात आलीस का माजा बॉयलर हालतो."

आणि याच माणसाला कंपनीने दुचाकी सुरक्षेचा प्रशिक्षक करायचं ठरवलं! कामावर येता-जाता बरेच कामगार गाडीवरून पडायला लागले होते. वरून फर्मान आलं की प्रत्येक कारखान्यात एक तरी प्रमाणपत्रवाला प्रशिक्षक हवा. आमच्या सेफ्टी ऑफिसरने विचारलं, कधीच न पडलेला कोण? सगळ्यांनी हसत हसत काकांकडे बोट दाखवलं.

काका मात्र हसले नाहीत. कोळशाचा बॉयलर निघून गॅसवरचा आपोआप चालणारा बॉयलर येणार होता. प्रशिक्षक झाले तर काका इथेच राहणार होते, नाहीतर निवृत्तीपर्यंत भिवंडीच्या गोदामात जाणार होते. जवळच्याच पाम गावात त्यांचं घर, घराभोवती चिकूची वाडी. काकूंनी एवढंच विचारलं, "मंग वाडीला पानी कोन लावंल?" त्या दिवशी काकांनी डबा तसाच परत नेला.

लेखी परीक्षेत ते पहिले आले. अडलं ते गाडीवर. चाळीसच्या वेगाने यायचं आणि निशाण दिसताच ब्रेक मारून पांढऱ्या पट्ट्याच्या आत थांबायचं. आता ज्याने कधी तीस ओलांडले नाहीत, तो चाळीसवरून थांबणार कसा? सेफ्टी ऑफिसरने मला बोलावलं. "मॅडम, तुम्ही यांना जरा फास्ट चालवायला शिकवा." सुरक्षा खात्याकडून अशी विनंती आलेली मी जगातली एकमेव बाई असेन.

सुट्टीच्या दिवशी सरावलीकडच्या मोकळ्या रस्त्यावर आमची शिकवणी सुरू झाली. काका निघायचे, गाडी गुरगुरायची, काटा तिसावर यायचा आणि गाडी लगेच गरीब व्हायची. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. "काका, पिळा ना!" "पिलतो गं, पन हात आयकत नाय!" शेवटी मी काळी चिकटपट्टी आणली आणि काटाच झाकून टाकला. मग मात्र गाडी सुटली. पुढचा-मागचा ब्रेक एकत्र, हळूहळू घट्ट करत जायचा, हे मी पुस्तकातून वाचून सांगत होते. काका ते इतकं जीव लावून करायचे की दोन-तीनदा मीच माझी गाडी काढून त्यांच्यासारखं थांबून पाहिलं. त्यांच्याइतकं नीट जमलं नाही. ते मी त्यांना सांगितलं नाही.

परीक्षा पालघरला होती. गाडी परीक्षा केंद्राचीच, तिला चिकटपट्टी लावायची सोय नाही. वाटभर काका "हात आयकंल का गं?" एवढंच विचारत होते. पण त्या गाडीवर बसले आणि एकदम ओरडले, "बाय, हिला काटाच नाय!" नव्या पद्धतीची गाडी, पडद्यावर नुसते आकडे. काकांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

ते निघाले ते सुसाट. परीक्षक निशाण हलवायचं विसरून बाजूला झाला. मग निशाण हललं, काकांनी ब्रेक लावला. चाक घसरलं नाही, गाडी डगमगली नाही, पण पांढरा पट्टा केव्हाच मागे राहिला आणि काका कुंपणाला लागून थांबले.

"अहो, चाळीस सांगितलं होतं. तुम्ही साठवर होता!"

"सायब, काटा नाय तं मी बगू काय?"

परीक्षकाने कपाळावर हात मारला आणि आणखी एकच संधी दिली. "या वेळी आकड्याकडे बघा."

काकांचा रंग उडाला. साठ हा शब्द आत्ता कुठे त्यांच्या डोक्यात शिरत होता. ते हात पुन्हा पुन्हा पँटला पुसत राहिले. मला वाटलं, गेली भिवंडीला आमची वाडी. मला रडू यायला लागलं होतं. तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "बाय, साटवरशी थांबलो ना मी?"

"थांबलात, काका."

"गाडीनं आयकलं ना माजं?"

"ऐकलं."

"मंग चालीस काय, पोरगं हाय." आणि निघाले. पडद्यावरचा आकडा बघत गेले, निशाण हललं आणि पट्ट्याच्या आत गाडी थांबली. काका तिच्यावर बसूनच राहिले. मी धावत गेले आणि परीक्षकासमोर त्यांना मिठी मारली.

त्यांच्या पहिल्या वर्गाला कॅन्टीन भरलं ते हसायलाच. आता हे आपल्याला हळू चालवायला सांगणार, अशी सगळ्यांची खात्री. काका उभे राहिले, घसा खाकरला. "तुमी मला सावध म्हनायचे. मी सावध नव्हतो रं, भ्यालेलो व्हतो. थांबता येत नव्हतं, म्हनून हलू जायचो. आता थांबता येतं."

कोणीच हसलं नाही. मागच्या बाकावरून लोडिंगचा मुन्ना उठला. गेटातून एका चाकावर बाहेर पडणारा, दोनदा हात मोडून घेतलेला. मला वाटलं, आता हा टिंगल करणार. तो मान खाली घालून म्हणाला, "काका, डर तो हमको भी लगता है. ट्रक के बीच में बहुत लगता है. इसीलिए तो भगाते हैं."

 काकांनी टेबलावरचं हेल्मेट उचलून त्याच्या हातात दिलं.

"तो फिर चल बाहेर. पयला नंबर तेरा."