फागीमावशीच्या एकतीस तबकड्या

फागीमावशी पंधरा वर्षं ठाण्यात डिमेलोसाहेबांच्या घरी कामाला होती. साहेब एकटे, पायाने अधू, आणि घरात भिंतभर जुन्या तबकड्या. त्यांचे लाडके गायक सगळे परदेशी. हातात गिटार, गाणं स्वतःच लिहायचं, स्वतःच गायचं. मावशी कामावर पोचली की साहेब विचारायचे, "आज कुठून सुरुवात करायची?" पहिल्यांदा ती गांगरून म्हणाली, "भांड्यांपासून." साहेबांना हसता हसता ठसका लागला.

दोन वर्षांपूर्वी ते लेकीकडे गोव्याला राहायला गेले आणि जाताना रेकॉर्ड प्लेयर आणि एकतीस तबकड्या मावशीच्या हवाली करून गेले. मावशी ते सगळं गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आपल्या गावी, सूर्यमाळला आली.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, बाळाला वारा लागू द्या जरा."

"एक नाय, एकतीस हायेत," मावशी म्हणाली.

मी इथल्या शाळेत शिकवते. पहिल्याच रविवारी गेले, तर गाणी ऐकायला जमलेल्या बायकांमुळे तिच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. इंग्रजीचं अक्षर तिला येत नाही, म्हणून कव्हरवरची चित्रं बघून तिनं अल्बमांना नावं ठेवली होती: वेणीवाली, घोंगडीवाला, दाढीवाला. कोणी कुठून सुरुवात करायची हेही तिचं पक्कं होतं.

"आधी वेणीवाली. एकलीच गाते, समोरच्या डोंगराला हाक मारल्यागत. कान सरावला का मग घोंगडीवाला, त्याच्यात ढोल हाय. दाढीवाला सगळ्यात शेवटी."

"का बरं?"

"लय रडवतो."

मी हसले. मला इंग्रजी कळतं, या तोऱ्यात दाढीवालाच आधी लावायला सांगितला. दुसऱ्या गाण्याला माझा बांध फुटला. मला बघून शेजारची माघी, जिला त्यातला एक शब्द समजत नव्हता, तीही हुंदके द्यायला लागली. मावशीनं सुई उचलली.

"बाई, तुमच्या शाळेत पोरं पहिलीच्या आधी चौथीत बसतात काय?"

मग निमूटपणे वेणीवाली ऐकली आणि त्यानंतर घोंगडीवाला. ढोल सुरू झाला तशा बायका उठल्या, अंगणात आल्या, एकमेकींच्या कमरेत हात घालून गोल फिरू लागल्या. मलाही ओढलं. सगळं छान चाललेलं, तेवढ्यात तिसऱ्या गाण्याच्या मधोमध सुई उडाली. तबकडीवर चरा होता. अख्खा गोल कोलमडला, आणि सगळ्यांच्या वर पडलेली माघी पोट धरून हसत होती.

"परत लाव!" ती तिथूनच ओरडली.

दुसऱ्या खेपेला आम्ही तयार होतो. सुईनं उडी मारली, आम्हीही मारली. पाचव्या खेपेला सगळ्या फक्त त्या उडीचीच वाट बघत होत्या.

मावशीला मात्र चुटपुट लागली. तिनं गोव्याला फोन लावला. "सायेब, घोंगडीवाल्याला चरा पडलाय. माझ्याच हातनं झालं असंल."

"छे! लग्नाआधी एकदा नाचताना मीच पाडली होती ती," साहेब म्हणाले. "पण तिकडे एवढा आरडाओरडा कसला?"

मावशीनं फोन अंगणात धरला. पुढची उडी झाली तेव्हा गोव्याहून "हूऽप!" असं ऐकू आलं.

मे महिन्यात माघीच्या भाचीचं, रविनाचं, पोशेऱ्याला लग्न होतं. तिथे तबकडी नव्हती, बेंजो आणि ढोल होता. तरी नाच रंगल्यावर सूर्यमाळच्या सगळ्या बायकांनी मध्येच एकदम उडी मारली. पोशेऱ्याच्या बायका थबकल्या.

नवऱ्याच्या आत्यानं विचारलं, "हे काय मधीच?"

"हे असंच असतं," माघी गंभीरपणे म्हणाली.

आत्यानं थोडा विचार केला, पदर खोचला आणि पुढच्या फेरीला सगळ्यांत उंच उडी तिनंच घेतली. मग अख्खा मांडव उडू लागला. नवरीही उडत होती, मुंडावळ्या कानामागे गेलेल्या. बेंजोवाल्याला हसू आवरेना, त्याची बोटं भलत्याच पट्ट्यांवर पडत होती, आणि कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.